आणखी एक अंक

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि रात्रभर नाटकं होतात. त्यांची परीक्षणं मी एका साप्ताहिकात लिहितो आणि कोणालाच सोडत नाही. त्या सकाळी दिघोरीहून लाखांदूरला येणाऱ्या यष्टीत परीक्षण मनात तयार होतं: म्हातारपणी जुळलेल्या प्रेमाचं नाटक, नको तितकं लांबवलेलं.

शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्याही तेच नाटक पाहून परतत होत्या. त्यांच्या मांडीवर नाटकाला बसायला नेलेली सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. दर मताला त्या सतरंजीवर थाप मारत आणि धूळ माझ्या नाकात जाई.

"केस पिकेपर्यंत भेटले नाही म्हणते. गावं त बाजूबाजूचे. यष्टी बंद होती काय?" थाप. "हिरोइन रडे कमी, पदर सावरे जास्त." थाप.

माझ्याहून कडक समीक्षक भेटल्याच्या खुशीत मी म्हणालो, "आणि किती लांबवलं, मावशी. शेवटचा अंक कापायलाच हवा."

त्यांचा हात हवेतच थांबला. पुढच्या सीटवर कानशिलं पांढरी झालेला एक माणूस खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्याकडे बोट करून त्या हळूच म्हणाल्या, "कापता काहून, भाऊ? हा माहा पोरगा. याच्यासाठी पोरगी पाहाची होती. पोरीवाल्याइची सतरंजी आमच्या बाजूलेच होती. दोन अंक गुमान बसला. शेवटच्या अंकात कुठं तिच्यासंग बोलाले लागला, त पडदा पडला. आखीन एक अंक पायजे होता."

पुढच्या माणसाचे कान लाल झाले.

परीक्षणात मी लिहिलं, नाटक जरा लवकर संपलं.