चर्चसमोर वाजवलेला ढोल

तुमची मिरवणूक दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर आली, की ढोलावरचा तुमचा हात हलका होतो की जोरात पडतो?

माझा जोरात पडला. दोन हजारच्या दशकातलं ग्लासगो. आमचा गणपती एका कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. दुसरीकडे कुणी जागा देत नव्हतं. विसर्जनाची मिरवणूक हॉलमधून निघून चर्चच्या दर्शनी दारासमोर आली. देऊळ आलं की थांबून दणक्यात वाजवायचं, ही आमची मान देण्याची पद्धत.

"चर्च आलं! होऊ दे जोरात!" मंडळातले एक काका माझ्याकडे बघत ओरडले. "डाएटवर आहेस का गं?"

आत शनिवारची संध्याकाळची प्रार्थना चालू होती. दार उघडलं. एका आजींनी बाहेर पाहिलं आणि नातीला झटकन मागे ओढलं. समोरच्या पबमधून चार-पाच माणसं बाहेर आली.

"थांबव!" बाबा म्हणाले.

"का? कौन्सिलची परमिशन आहे, बाबा. आपला राइट आहे!"

हेच बाबा पुण्यात मशिदीसमोर वाद्यं वाजवू नका म्हणून पत्रकं वाटायचे. त्या पत्रकांवर बोट ठेवून मी मराठी वाचायला शिकले होते. तरी मी वाजवतच राहिले.

फादर धावत आले. इथल्या काही प्रोटेस्टंट मिरवणुका कॅथलिक चर्चसमोर मुद्दाम ढोल बडवतात, म्हणाले. त्या आजी लहान असताना अशाच एका मिरवणुकीनंतर त्यांच्या घराच्या काचा फुटल्या होत्या.

मी ढोल थांबवला. तेवढ्यात पबकडून गणपतीच्या गाडीपाशी एक ग्लास येऊन फुटला. बाबा आणि फादर पबच्या बाजूने चालू लागले, आम्ही त्यांच्या आडून. नदीपर्यंत कुणाच्या तोंडून 'मोरया' निघालं नाही. मागे पावलं वाजली की मी दचकत होते.

हॉल आता आपल्या हातून जाणार, हे सगळ्यांना कळलं होतं. फादर म्हणाले, "त्या आजी हो म्हणाल्या तर चर्चचे लोक ऐकतील." बाबा आणि मी आजींच्या घरी गेलो. दाराची साखळी न काढता त्यांनी फटीतून विचारलं, "तो ढोल पुन्हा येणार?"

हक्कांवरचं माझं अख्खं भाषण तयार होतं.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही चर्चसमोरून गप्प जाऊ."

त्यांनी साखळी काढली नाही. पण हॉल राहिला.

तुमच्या गावात मिरवणूक निघणार असेल, तर आदल्या आठवड्यात त्या रस्त्याने पायी जा. वाटेतल्या प्रत्येक मशिदीचं, चर्चचं, विहाराचं दार वाजवा. प्रार्थनेची वेळ विचारा. आणि आमच्या आवाजाची भीती वाटते का, हेही विचारा.