चौकशी चालू हाय

मी सोलापुरात नवा वकील होतो, तेव्हा कचेरीतल्या एका कारकुनानं मला फार छळलं. शिक्षा भोगून सुटलेल्या निजाम हद्दीतल्या माणसांना परत धाडण्याचे हुकूम निघत, आणि त्यांच्या फेरविचाराचे अर्ज त्याच्याकडे येत. माझा अशील एक तेलुगू विणकर होता. जन्मानं निजाम हद्दीतला, पण लहानपणापासून इथंच वाढलेला, गिरणीच्या दारातल्या मारामारीत तुरुंगात जाऊन आलेला. मी गेलो की कारकून सावकाश उपरण्यानं चष्मा पुसायचा, पान जमवायचा आणि विचारायचा, "ह्याचं तिकडं कोन हाय?"

"कोणी नाही. किती वेळा सांगू?"

"मग पुन्ना चौकशी कराया पायजे की."

एकदा मी ओरडलोच, "रावसाहेब, हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!"

त्यानं साहेबांच्या दाराकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वकीलसायेब, निकाल लागला तर सायेब न्हायच म्हननार. चौकशी चालू हाय तवर त्याला कोन नेतंय?"

तरी माझा राग गेला नाही. विणकर सोलापुरातच राहिला. त्याच्या बायकोनं मात्र जायच्या तयारीत बांधलेलं गाठोडं कधीच सोडलं नाही.