काकूंना खाली कोणी ठेवलं

परवा एका नातेवाइकांनी मला फोनवर व्हिडिओ पाठवला. ढग फाटतात, कर्णे वाजतात आणि चालत्या गाड्यांमधून माणसं एकाएकी नाहीशी होतात. शेवटी प्रश्न येतो, की तुम्ही वर जाणार की मागे राहणार. मी तो पुसून टाकला आणि त्यांना फोन करून सांगितलं, असलं काही पुन्हा पाठवू नका. ते दुखावले. तुझा विश्वास उडाला की काय, म्हणाले.

माझा विश्वास जागेवर आहे. दर रविवारी मी चर्चला जाते आणि येशू पुन्हा येणार हेही मानते. पण तो आल्यावर कोणाला नेणार आणि कोणाला ठेवणार याची यादी जे लोक आधीच खिशात घालून फिरतात, त्यांची मला चीड आहे. पन्नास वर्षांत ती तसूभरही कमी झालेली नाही. का, ते सांगते.

माझे वडील पाट्या रंगवायचे. कसबा पेठेतल्या एका बोळात, जिन्याखाली त्यांचं दुकान होतं आणि मागे आमच्या दोन खोल्या. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, पिठाच्या गिरणीच्या पाट्या त्यांच्याकडे यायच्या. अक्षर देखणं होतं, पण चित्रात हात बेताचाच. मनाने चेहरा काढणं त्यांना जमायचं नाही. रोज पाहिलेलं माणूस असेल तर मात्र हुबेहूब उतरायचं.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकू राहायच्या. त्यांचे यजमान तांब्याची भांडी घडवायचे, त्यामुळे दिवसभर हातोडीची ठोकठोक चालायची आणि काकू सवयीनेच मोठ्याने बोलायच्या. मी चार वर्षांची असताना आईला विषमज्वर झाला. आमचे सगे सगळे नगरकडच्या खेड्यांत. तेव्हा महिनाभर काकूंनी आमच्या घराचा गाडा ओढला. आईचं अंग पुसलं, तिला पेज भरवली, माझ्या वेण्या घातल्या. आम्ही ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती होण्याआधी आजोबा गावाबाहेरच्या कोणत्या वस्तीत राहायचे हेही बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंच्या सासूबाईंनी त्यांना बजावलं, की तिकडे शिवाशिव केलीस तर माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. "बरं झालं, तेवढीच सुट्टी," काकू म्हणाल्या आणि महिनाभर ओसरीवर वेगळ्या जेवल्या. त्यानंतर आईला दुसरी मैत्रीण लागली नाही.

मी अकरा वर्षांची असताना बाहेरगावाहून एक उपदेशक आले. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे. आमच्या चर्चचे म्हातारे पाळक शेवटच्या काळाविषयी फारसं बोलत नसत. तो दिवस देवाचा देव जाणे, आपण आज शेजाऱ्याशी नीट वागावं, एवढंच त्यांचं म्हणणं. लोकांना ते अळणी वाटायचं. ब्रदरांकडे मात्र तिखटमीठ भरपूर होतं. एका क्षणात विश्वासणारे उचलले जातील, तव्यावर पोळी तशीच राहील, आणि मागे राहिलेल्यांचे हाल कुत्रा खाणार नाही. आमची माणसं डोळे विस्फारून ऐकायची. ज्यांना जन्मभर लोकांनी दाराबाहेर उभं केलं, त्यांना कोणीतरी सांगत होतं की आता तुम्ही आत आणि ते बाहेर. हे गोड लागणारच. मला ते समजतं, म्हणूनच त्या माणसाचा जास्त राग येतो.

ब्रदरांनी वडिलांना एक मोठं चित्र रंगवायला सांगितलं. बारा फूट मांजरपाटाचं जाडं कापड, वर स्वर्ग, खाली मागे राहिलेली पृथ्वी. देवाचं काम, म्हणून वडील हरखले. खालच्या भागात त्यांनी आधी पाणी काढलं. धरण फुटून पेठेत पाणी शिरलं त्याला आठदहा वर्षं झाली होती आणि जगाचा शेवट म्हटल्यावर त्यांना तेच दिसलं. ब्रदर म्हणाले, पाणी नको, आग हवी. आणि खालची माणसं इथलीच वाटू देत, म्हणजे लोकांना पटेल.

वडिलांनी मग इथलीच माणसं काढली. वर ढगांत पांढऱ्या कपड्यांतली आमच्या चर्चची मंडळी, त्यांत आई आणि मी. खाली ज्वाळांजवळ बोळातली माणसं. सायकलच्या दुकानातले चाचा होते, भाजीवाली होती, आणि अगदी पुढे, हात वर करून आकांत करणाऱ्या काकू होत्या. वडिलांच्या मनात दुष्टावा नव्हता. जी माणसं चर्चमध्ये दिसत नव्हती ती त्यांनी खाली काढली. त्यांनी विचारच केला नाही, आणि हाच माझा त्यांच्यावरचा आरोप आहे.

पण त्यांना बोलून मी सुटत नाही. काकूंना जाऊन सांगितलं ते मीच. तुमचंपण चित्र काढलंय, शनिवारी बघायला या, असं मी नाचत सांगून आले. खाली काढलंय हे मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. काकू खूश झाल्या. आजवर त्यांचा साधा फोटोही कोणी काढला नव्हता.

सभा कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. काकू ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, अंबाड्यावर शेवंतीची वेणी माळून आमच्याबरोबर टांग्यातून आल्या.  चित्रात काय आहे ते आईला माहीत होतं, आणि तरीही तिने काकूंना घरी थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार होती?

गाणी झाली, प्रार्थना झाली. ब्रदरांनी पडदा सारला आणि हातात लांब छडी घेतली. ढगांवरून फिरत फिरत छडी खाली आली आणि काकूंच्या चेहऱ्यावर टेकली.

"ह्या बाईकडे पाहा," ब्रदर म्हणाले. "चांगली असेल, दयाळू असेल. त्याचा काही उपयोग नाही. हिची वेळ गेली."

काकू दुसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी बसल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. काकूंनी चित्राकडे पाहिलं, मग आईकडे. एरवी खणखणीत बोलणाऱ्या त्या बाईने अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, मी तिथे काय करतेय?"

आईने मान खाली घातली. 

दुसऱ्यांची उपासना चालू असताना उठून जायचं नाही, म्हणून काकू शेवटपर्यंत बसल्या. छडी त्यांच्या चेहऱ्यावर आणखी तीनदा टेकली.  परतल्यावर दाराशी टांग्यातून उतरून त्या वडिलांना म्हणाल्या, "चेहरा छान जमलाय हो तुम्हाला." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमचा एक डबा त्यांच्याकडून परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. काही नाही तर चिमूटभर साखर घातल्याशिवाय शेजारणीचं भांडं परत करायचं नसतं, हे मला काकूंनीच शिकवलं होतं. आई तो डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या दिवसापासून काकू आईला अहोजाहो करू लागल्या. भांडल्या नाहीत, टाळलं नाही. पाणी आलं की हाक मारायच्या. अहो, पाणी आलंय हं. आईला ते चटक्यासारखं लागायचं.

वडील सोमवारीच ब्रदरांकडे गेले. मीही बरोबर होते. तेवढा एक चेहरा पुसून देतो, फुकट करून देतो, असं ते हात जोडून सांगत होते. ब्रदर हसून म्हणाले, "त्यात चुकीचं काय आहे? ती बाई खालीच राहणार. तुम्ही खरं तेच काढलंत." चित्र आता प्रभूचं झालं, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात ते गुंडाळून घेऊन गेले. सोलापूर, नगर, मिरज, कुठे कुठे ते लागलं म्हणे. पुण्याबाहेर कधी पाऊल न टाकलेल्या काकूंचा चेहरा गावोगाव टांगला गेला, आणि अनोळखी माणसांसमोर त्यावर छडी टेकत राहिली. आमच्या आईला पेज भरवणारी बाई ती.  कोणी दिला होता त्या माणसाला हा अधिकार?

ब्रदर नंतर आले नाहीत. शेवटही आला नाही. आईची मात्र एकुलती एक मैत्रीण गेली, तीही भिंतीपलीकडे रोज हिंडताफिरताना दिसत असून. "मी तेव्हा बोलायला हवं होतं," असं आई मला अनेकदा म्हणाली. काकूंना ते कधी म्हणू शकली नाही.

बारा वर्षांनी आई अचानक गेली. सकाळची वेळ होती. ब्रदरांच्या वेळच्या दोनतीन बाया दारात उभ्या राहून हलक्या आवाजात बोलत होत्या, की तिची तयारी झाली होती का, शेवटी तिने विश्वासाची साक्ष दिली का. त्यांच्यामधून वाट काढत काकू आत आल्या. कोणाला न विचारता त्यांनी पाणी तापवलं, आईला आंघोळ घातली, आम्ही काढून ठेवलेली पांढरी साडी नेसवली. मी नुसती हाताखाली होते. केस विंचरता विंचरता त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "अगं, तिला एकटीला करमत नाही. वर कोणी ओळखीचं आहे ना तिचं?"

त्या दारातल्या बायांना दंडाला धरून आत आणावं आणि हे ऐकवावं असं मला वाटलं. मी म्हटलं, तिचे आईवडील आहेत, काकू.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि पदराला लावायला माझ्याकडे पिन मागितली.