रोजीबायची वाइन आणि इटलीची बाटली

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, पापनिवेदनाला गुडघे टेकल्यावर फादरांनाही नाही. तिथे जाऊन काय सांगायचे? रागावले, खोटं बोलले, उपास मोडला — असली चिल्लर पापं. खरं ते गिळून परत यायचे. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. ऐका.

सुरुवात वाइनपासून करते, कारण तिच्याबद्दल तरी मी खोटं बोलणार नाही. इटलीची तांबडी वाइन, महाग अजिबात नाही. कुठल्याशा डोंगरउतारावरच्या एका कुटुंबाची — बाप, मुलगे, सुना, सगळे मिळून द्राक्षं खुडणार आणि घरीच वाइन करणार. बाटलीवर त्यांच्या घराचं चित्र. पहिल्या घोटाला तुरट, मग करवंदासारखी आंबट, गिळल्यावर किंचित कडू. जेवणाबरोबर प्यायची, मिरवायची नाही. मला फार आवडते. आता वसईतल्या दुकानात मिळते, तेव्हा रविवारच्या मटणासोबत असतेच.

आमच्या पापडी गावातल्या घरात ती पहिल्यांदा आली नव्वदच्या दशकातल्या एका नाताळला. धाकटा दीर बोटीवर कामाला होता, त्याने आणली. स्वतः चाखलेली नव्हती. बंदरावरच्या दुकानदाराने त्या कुटुंबाची गोष्ट सांगितली आणि स्वस्त होती, म्हणून घेतली.

आणि आमच्याकडे वाइन म्हणजे रोजीबाय — माझी थोरली जाऊ. काळी द्राक्षं, साखर, खमीर, मूठभर गहू बरणीत घालायची, रोज लाकडी डावाने ढवळायची, मलमलीतून गाळायची. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, लागला की नाताळपर्यंत स्वतः थेंबही चाखायची नाही, हा तिचा नेम. शिकलेली नाही, माहेर मिठागराजवळचं, बोलणं गावठी. मी बँकेत नोकरीला. तरी पाहुणे आले की विचारायचे, रोजीबायची वाइन आहे ना? मला कोणी काही विचारायचं नाही. जळायचे मी. दुसरा शब्द नाही. त्या वर्षी दिराचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात घरचीच वाइन, ती रोजीबायनेच करायची, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आतापासूनच द्राक्षांचं बोलत होती — आणि ते मला ऐकवेना.

नाताळच्या जेवणाला ग्लास भरायचं काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. इटलीची वाइन मी पातेल्यात ओतली, रोजीबायच्या काचेच्या जगमधली त्या बाटलीत भरली, आणि पातेल्यातली जगमध्ये. वाईट वाटलं का? — नाही. हसू येत होतं.

आधी जग फिरवला. आमची माणसं गोड वाइनच्या सवयीची, सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. सासरे म्हणाले, यंदा साखर विसरली वाटतं. मग बाटली. ती सगळ्यांना आवडली. बाहेरची ती बाहेरचीच, असं ज्याने आणली तो दीरच सगळ्यांत आधी म्हणाला. रोजीबायने दोन्ही चाखल्या. बाटलीतली तिने बराच वेळ जिभेवर धरली. मग हळूच म्हणाली,

"ही तं माझ्याच बरनीतली लागते."

तिथे मला थांबता आलं नसतं का? — आलं असतं. मी तिच्याच बोलीत तिला वेडावून दाखवलं.

"बाय, मिठागराचं पानी पिऊन वाढलीस तू. तुला इटली काय कळनार?"

सगळे हसले. शेवटी तीही हसली.

लग्नाची वाइन दुकानातून आली. रोजीबाय मात्र महिनोन्महिने आपली चूक शोधत राहिली. गहू ओले होते का? द्राक्षं धुतल्यावर नीट पुसली नव्हती का? मलाच विचारायची. मी म्हणायचे, खमीर जास्त झालं असेल, बाय. पुढच्या वर्षी तिने त्या बरणीत लोणचं घातलं. वाइन पुन्हा कधी केली नाही.

इथेच थांबले असते, तर तुम्ही म्हणाला असता — तरुण होती, मत्सर होता, होतं असं. पण पुढे आहे.

बऱ्याच वर्षांनी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी याच इटलीच्या वाइनची बाटली घेऊन तिच्या खोलीत गेले. सगळं सांगून टाकायला गेले होते, असं मला वाटतं. चमच्याने पाजली. तिने डोळे मिटले — आणि ओळखली.

"ही तं माझी, त्या नाताळची. बिघडलेली."

डोळे उघडून ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी तिच्या जिभेने मला पकडलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी चमचा पुसला.

"तुझ्या तोंडाला आता चव नाही राहिली, बाय."

तिने मान डोलावली. खरं मानलं तिने ते. त्याच आठवड्यात ती गेली.

उरलेली बाटली मी जेवणाबरोबर संपवली. चांगली होती.