पॅसेजमध्ये चालणारे प्रोग्राम

कॉम्प्युटरवाले चार जण जमले की गाडी शेवटी चुकांवरच येते. माझ्याकडचा साठा ऐंशीच्या दशकातल्या आमच्या अंधेरीच्या ऑफिसातला. मशीन एकच आणि त्यावर बसायला रांग. म्हणून आमच्या हेड कर्णिक मॅडम प्रोग्राम आधी पॅसेजमध्ये माणसं उभी करून चालवायच्या. एक जण आकडा, एक जण लूप, म्हणजे त्याच ओळींवरून पुन्हा पुन्हा फिरणारी फेरी. शेजारच्या ऑफिसातले लोक चहा घेऊन बघायला यायचे.

* * *

घाटकोपरचा विलास कांबळे नवीन लागला, प्रोबेशनवर. कोबोल या प्रोग्रामच्या भाषेत 'मूव्ह' लिहिलं की माहितीची नक्कल दुसरीकडे जाते, मूळ जागेवरच राहतं. विलासला वाटलं, उचलूनच नेतात. मग पठ्ठ्या प्रत्येक मूव्हनंतर उलटा मूव्ह लिहून सगळं परत जागेवर ठेवायचा.

"घरी आईची शिस्त आहे ना, मॅडम."

मॅडम हसल्या. आम्हाला म्हणाल्या, "एवढी काळजी तुमच्यापैकी कोणी घेतो का रे?" 

* * *

देसाई फोरट्रान या दुसऱ्या भाषेतला जुना खेळाडू. तिथे 'कंटिन्यू' ही काहीच न करणारी ओळ. सवयीने त्याने सी या नव्या भाषेतही ती लूपच्या मधोमध टाकली. सी मध्ये कंटिन्यू आलं की खालच्या ओळी सोडून थेट पुढची फेरी. छापायची ओळ खालीच राहिली, रिपोर्ट कोरा! देसाई मशीनला शिव्या घालत बसला.

मॅडमनी त्यालाच लूप केलं. अर्ध्या पॅसेजात पोचला की म्हणायच्या, "कंटिन्यू. फिर मागे." पॅसेजच्या टोकाला एक जण छापणारा म्हणून उभा, त्याच्यापर्यंत पोचूच देईनात. शेवटी स्वतःच थांबला. "कळलं, मॅडम. मशीनला सॉरी सांगतो."

काय बाई होती! आवाज न चढवता शिकवायची.

* * *

विलासचं प्रोबेशन संपत आलं. मोठे साहेब म्हणाले, "विचारलं तर तोंड उघडत नाही. कशाला ठेवायचा?" त्याचं सगळं घर त्या पगारावर. मॅडम म्हणाल्या, "पॅसेजमध्ये विचारा, सर."

साहेबांनी विचारलं, "सी मधलं स्टॅटिक म्हणजे काय?" 

"सांगू नकोस, करून दाखव," मॅडम म्हणाल्या.

"साहेब," विलास हळूच म्हणाला, "हा पॅसेज म्हणजे फंक्शन, प्रोग्रामचा एक तुकडा. तुम्ही आकडा. आत आलात की एकाने वाढायचं. साधा आकडा बाहेर गेला की सगळं विसरतो, परत पहिल्यापासून. स्टॅटिक विसरत नाही. तुम्ही स्टॅटिक."

साहेब आत-बाहेर करत मोठ्याने मोजू लागले. चारवर आले आणि केबिनमधला फोन वाजला. गेले ते गेलेच. आतून नुसती आरडाओरड. अर्धा तास झाला. विलासने डबा पिशवीत भरला. मला फार वाईट वाटलं त्याचं.

दार उघडलं. साहेब तणतणत आले, पॅसेजच्या तोंडाशी थांबले, एक पाऊल आत टाकलं.

"पाच," म्हणाले. "पुढे बोल, कांबळे."