एदुविहेसचं दार

एदुविहेसला केयेच्या डोंगरात सगळे मानाने दोन्या म्हणत, ते एका वादळामुळे. लग्नाआधी ती पूर्वेच्या किनाऱ्यावर, लुकीयोला राहायची. तिथे तिने सान सिरियाकोचं वादळ अंगावर घेतलं होतं. ज्या संताच्या दिवशी वादळ येईल त्याचं नाव वादळाला द्यायची त्यांच्याकडची रीत. त्या बिचाऱ्या संतांना हे कसं वाटत असेल, देव जाणे. सान सिरियाकोने बेटावर हजारोंचा बळी घेतला. एदुविहेस वाचली, आणि वाचली ती वाचली, वर शहाणी झाली. पुढची कितीतरी वर्षं कुणाच्या घरी तंबाखूची पानं ओवायला माणसं जमली, की हिची गोष्ट ठरलेली. शेवटही ठरलेला: "वारा पडला की संपलं. पडलेला वारा परत उठत नाही."

तिला तोंडावर खोटं पाडणारा एकच माणूस होता, बाल्दोमेरो. तो तिच्या एकुलत्या मुलाचा, लेओन्सियोचा, धर्मपिता. त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाय आणि कोमाय म्हणत, आणि हक्काने भांडत. बाल्दोमेरो मूळचा दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्वायामाचा.

"कोमाय, तुम्ही वादळाची नुसती कड बघितलीत," तो म्हणायचा. "वादळ डोक्यावरून गेलं तर मध्ये शांत होतं. मग उलट्या बाजूनं येतं. त्याला विरासोन म्हणतात. माणसं मरतात ती त्यात."

"ग्वायामाचं वादळ तुमच्यासारखंच दिसतंय, कोंपाय. गेलं म्हणावं तर विसरलेली टोपी न्यायला परत येतं."

माणसं खो खो हसली. बाल्दोमेरोला ते फार लागलं. त्या उन्हाळ्यात त्याने तिच्या घरी येणं सोडलं.

आणि सप्टेंबरात सान फेलिपे आलं. सन अठ्ठावीस. आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी जन्मलेलं ते वादळ अख्खा समुद्र पिऊन माजलं होतं. आदल्या दिवशी त्याने ग्वादेलूप बेट झोडपलं होतं. पोलीस घोड्यावरून सांगत फिरला, तेव्हा वाडीतली माणसं एदुविहेसच्या तोरमेंतेरात शिरली. तोरमेंतेरा म्हणजे वादळासाठीच बांधलेलं खोपटं: उतारात अर्धं गाडलेलं, छप्पर जमिनीला टेकलेलं, एकच बुटकं दार. तिथे कुणाला नाही म्हणायचं नसतं, मग भांडण असो की वैर. बाल्दोमेरो तेवढा आला नाही. टेकाडापलीकडे स्वतःच्या घरात बसून राहिला.

सकाळभर उत्तरेकडून वारा असा घुमत होता, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. बायका जपमाळ ओढत होत्या. लेओन्सियो रात्रभर छपराचे दोरखंड आवळून दमलेला. बायकोच्या, तोमासाच्या, मांडीवर डोकं टेकून त्या गदारोळातही झोपला होता. आणि दुपारी, कुणीतरी हात फिरवावा तसा वारा पडला. फटीतून ऊन आत आलं.

सगळे एदुविहेसकडे बघू लागले. तिने दार उघडलं, आभाळ पाहिलं आणि म्हणाली, "संपलं."

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला एकट्याने जिंकून चैन पडत नाही. तिने पायाने लेओन्सियोच्या तळव्याला ढोसलं.

"ऊठ. तुझ्या धर्मबापाला घेऊन ये. म्हणावं, आईनं कॉफी टाकलीय. विरासोन इथंच बसून बघू, दोघं मिळून."

लेओन्सियो डोळे चोळत हसला आणि निघाला. तोमासा म्हणाली, "जरा वेळानं गेलात तर?" त्याने ऐकलं नाही. आई सांगत होती ना.

कॉफी उकळलीही नव्हती. दक्षिणेकडून काहीतरी गडगडत आलं आणि दार आत फेकलं गेलं. चार पुरुषांनी पाठी लावून ते कसंबसं धरलं. एदुविहेस त्यांच्या पाठींवर बुक्क्या मारत होती, "उघडा, माझा पोरगा बाहेर आहे." कुणी उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळेच गेले असते.

लेओन्सियो पोचला होता. बाल्दोमेरोने त्याला ओढून चरात झोपायला सांगितलं. पण तोमासा आत आहे आणि दार दक्षिणेला आहे, एवढं म्हणून तो उलटा पळाला. अर्ध्या वाटेवर छपराचा पत्रा उडत येऊन त्याला लागला, आणि तो तिथेच गेला. वादळ पुढे फ्लोरिडात गेलं आणि तिथल्या मोठ्या तळ्याचा बांध फोडून त्याने आणखी हजारो माणसं बुडवली. एदुविहेसला ते कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिने हातातलं तंबाखूचं पान ओवलं आणि पुढचं घेतलं.

बाल्दोमेरोने तिला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. तोमासा माहेरी जाऊ शकत होती, गेली नाही. दोघी एका चुलीवर केळी उकडत, एका ताटात खारा मासा वाढून घेत, आणि लेओन्सियोचं नाव कुणी काढत नसे. एदुविहेसने गोष्ट सांगणंही सोडून दिलं.

चार वर्षांनी सान सिप्रियान आलं, रात्रीचं. खोपटं पुन्हा भरलं. या खेपेला बाल्दोमेरोही होता. पहाटे वारा पडला, आणि एदुविहेस उठून दाराला पाठ लावून बसली.

ऊन वर आलं. पोरं पाण्यासाठी रडू लागली. माणसं आधी गोडीत म्हणाली, मग चिडून.

"कोमाय, संपलंय," बाल्दोमेरो म्हणाला. "हे बाजूनं गेलं. मी सांगतोय ना, मी."

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "येईल ते."

तिला उचलून बाजूला ठेवणं अवघड नव्हतं. पण तिला हात लावायचा कुणाला धीर होईना. शेवटी तोमासा गर्दीतून वाट काढत आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आई, त्या दिवशी ते तुमच्या सांगण्यानं गेले नाहीत. तुम्ही बोलायच्या आधीच उठले होते. धर्मबापाला आणायला जातो, म्हणाले होते मला."

त्या दिवशी झोपलेल्या लेओन्सियोचा तळवा एदुविहेसच्या पायाला अजून लागत होता.

"खोटं बोलतेस."

"हो," तोमासा म्हणाली. "सरका आता. पोरांना तहान लागलीय."

म्हातारीने हात पुढे केला. तोमासाने तो धरून तिला उठवलं, आणि दोघींनी मिळून दार ओढलं.