आगीच्या आधी पोचणारी शाहीन

वर्ग चालू असताना शाहीनच्या अब्बांचा फोन आला. "वंदना बेटा... शाहीन गेली." एवढंच बोलले. ताप मेंदूत चढला आणि नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. जंगलात मोहफूल गळायला लागलंय, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर याच दिवसांत लिहायला हवं.

आम्ही चंद्रपूरच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. मी गोंडपिपरीकडच्या धानवाल्या घरातली, ती कुलर दुरुस्त करणाऱ्या अब्बांची मुलगी. पुढे ती पुण्यात डेटा सायंटिस्ट झाली. कोणतं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात काय घेईल, हे आकड्यांवरून सांगायची. मी गडचिरोलीतल्या एका जंगलातल्या शाळेवर शिक्षिका म्हणून लागले. एका मार्चमध्ये ती मला भेटायला आली, तेव्हा शाळेसमोरची टेकडी धुमसत होती.

"हे काऊन जळून राह्यलं?"

मी सांगितलं, फूल वेचता यावं म्हणून मोहाखालचा पाला जाळतात, मग वारा सुटतो आणि आग हाताबाहेर जाते.

"अन् वारा सुटणार हे यांले आधी कोणीच सांगत नाई?"

मी हसले. ती हसली नाही. काही महिन्यांत तिनं नोकरी सोडली. अब्बा माझ्याकडे कुरकुरले, "लोक जंगल पाहायले पैसे देतात, हे पगार सोडून चालली!" एका लहानशा संस्थेत बसून तिनं उपग्रहांनी टिपलेल्या जुन्या आगी, वारा, उन्हाचा ताव, पाल्यातला ओलावा सगळं जुळवलं, आणि उद्या कोणत्या गावाजवळ आग पसरू शकते हे आदल्या दिवशी सांगणारं मॉडेल उभं केलं.

मॉडेलचा धोक्याचा नकाशा दाखवायला आम्ही दोघी वनखात्याच्या एका कार्यालयात गेलो. साहेब खूश झाले. "छान! आता गावांची नावं द्या, गुन्हे दाखल करतो."

"साहेब, आग कुठी पसरन ते यात दिसते. कोणी लावली ते नाई दिसत. धरपकड केली त उद्या मले गावात कोणी उभं करणार नाई, अन् आग लागायची ते लागनच."

खात्यामार्फत गावांना इशारे द्यायची त्या हंगामाची परवानगी अडली. आम्ही बाहेर आलो. "घाबरली का?" मी विचारलं. "लय," म्हणाली, "पण नावं नाई देणार."

मग ती माझ्या शाळेच्या गावातच येऊन राहिली. सोमीबाईनं, गावातल्या सगळ्यात जुन्या वेचणारीनं, तिला सरळ विचारलं, "पाला जाळला नाई त फूल दिसन कसं, बाई?" दुसऱ्या सकाळी शाहीन स्वतः वेचायला गेली आणि दुपारी कंबर धरून परतली. "खरं आहे तिचं," म्हणाली. संस्थेच्या मागे लागून तिनं झाडाखाली पसरायला हिरव्या जाळ्या आणवल्या, फूल पाल्यात न पडता जाळीवरच पडावं म्हणून. ज्यांना जाळ्या पुरल्या नाहीत, त्यांनी शाहीनचा धोक्याचा निरोप आला की काडी लावायची नाही, असं ठरलं.

त्या वर्षी टेकडी जळली नाही. मी गावभर मिरवणार होते, तिनंच थांबवलं. "मधात अवकाळी पाऊस पडला ना. एका वर्षानं काही सिद्ध होत नाई, वंदे." इतकी मेहनत करून स्वतःच्या यशावर शंका घेणारी माझी मैत्रीण... मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान त्या क्षणी वाटला. पुढचा उन्हाळा कोरडा ठणठणीत गेला, तरी टेकडी जळली नाही. तेव्हा मात्र ती फोनवर खूप वेळ नुसती हसत होती. ज्यांना गावांची नावं हवी होती, तेच आता रोजचा इशारा मागू लागले. अब्बा दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "माझी पोरगी आगीच्या आधी पोचते."

तिचे सहकारी आता ते मॉडेल चालवतात. गेल्या आठवड्यात शाळेत जाताना वारा भणभणत होता. सोमीबाईची सून काडीपेटी घेऊन निघालेली, तशी अंगणातून सोमीबाई ओरडली, "ठेव ते खाली! आज शाहीन आहे."

मी जागीच थबकले. धोक्याचा निरोप आलेल्या दिवसाला गावात आता हेच म्हणतात. सुनेनं काडीपेटी ठेवली आणि खराटा उचलून ती पाला झाडायला मोहाकडे चालू लागली.